रिकाम्या यादीचा अर्थ

सुनेने ‘पाठवा’ या बटणावर बोट नेलं आणि तिथेच थांबवलं. प्रोग्रॅममधून काढून टाकायच्या तुकड्यांमध्ये एआय एजंटने तापमान दाखवणारा तुकडाही बसवला होता. तो तर शीतगृहात रोज सगळ्यांच्या डोळ्यांदेखत चालतो! धडधाकट माणसाला मेलेल्यांत काढावं, तसलाच हा प्रकार.

“अगं बाई,” ती म्हणाली आणि अहवाल पुन्हा पहिल्यापासून वाचायला बसली.

काम सासऱ्यांच्याच जुन्या प्रोग्रॅमचं होतं. ऐन उमेदीत त्यांनी तो एका शीतगृहासाठी लिहिला आणि सफरचंदांच्या खोल्या थंड ठेवायचं काम तो आजवर बिनबोभाट करत आला. आता तो नव्या कॉम्प्युटरवर न्यायचा होता आणि मूळ लिखाण तर कधीच गहाळ झालेलं. उरला होता तो फक्त यंत्रालाच कळेल असा आकड्यांचा ढीग. तो उलटा वाचत जाऊन कुठला तुकडा काय करतो ते एजंट शोधत होता, आणि त्याच्या हाताशी द्यायच्या टूल्सची, म्हणजे छोट्या मदतनीस प्रोग्रॅमांची, वर्णनं लिहायचं काम सुनेकडे होतं. एजंटला टूल आतून दिसत नाही, नुसतं वर्णन दिसतं. तेवढ्या चार ओळींवर विसंबून तो काय उचलायचं ते ठरवतो आणि हाती येईल त्याचा अर्थ लावतो.

शीतगृहाच्या मालकांचा मात्र ना एजंटवर भरवसा, ना सुनेवर. “तुमच्या सासऱ्यांनी हो म्हटलं की झालं,” असं त्यांनी बजावलं होतं, आणि संध्याकाळी त्यांचा फोन यायचा होता. सासरेही आल्यागेल्याला छाती पुढे काढून सांगत, “त्या प्रोग्रॅमची ओळन् ओळ तोंडपाठ आहे मला.”

म्हणून सकाळी तिने त्यांना पडद्यावर एक तुकडा दाखवला होता.

“बाबा, याला दुसरा कुठलाच तुकडा बोलावत नाही म्हणतोय एजंट. काढायचा ना?”

सासऱ्यांनी चष्मा पुसला, घातला, परत पुसला. मग “हं” म्हणून कुंड्यांना पाणी घालायला निघून गेले. कुंड्या ओल्याच होत्या. मौन म्हणजे संमती, असं तिने धरलं. खरं सांगायचं तर तिला रागही आला होता. लग्न होऊन आल्यापासून ती पाहत होती, तिच्या कामाचा विषय निघाला की यांची अळीमिळी गुपचिळी. आपलं काम त्यांना पोरखेळ वाटतं, असा निष्कर्ष तिने कधीच काढून ठेवला होता.

तिने टूलचं वर्णन उघडलं. ‘एखादा तुकडा कुठून कुठून बोलावला जातो, त्याची यादी हे टूल देतं.’ सरळ, सुटसुटीत, शाळेतल्या बाईंनी शाबासकी द्यावी असं वाक्य. पण यादी रिकामी आली तर? शोधूनही कुणी सापडलं नाही तरी रिकामी, आणि बोलावणारा भाग अजून उलगडलाच नसेल तरी रिकामीच. एजंट बिचारा दर वेळी ‘कुणी नाही’ असं समजून मोकळा होत होता. आपणच त्याला रस्ता सांगितला आणि खड्डा सांगायचं विसरलो, हे ध्यानात आलं तेव्हा तिला हसूच फुटलं.

तिने खाली भर घातली. ‘यादी रिकामी आली म्हणजे कुणी नाही, असं धरू नकोस. तो भाग उलगडला आहे का ते आधी बघ. नसेल तर उलगडून पुन्हा विचार. तरीही उमजलं नाही, तर माहीत नाही असं स्पष्ट लिही. त्यात कमीपणा नाही.’ शेवटचं वाक्य यंत्राच्या काय कामाचं? तिने ते खोडलं, आणि मग आवडलं म्हणून परत घातलं.

चहा घेऊन आलेल्या सासूबाईंनी तिच्या खांद्यावरून डोकावून वाचलं.

“यंत्राला किती गं गोडीने समजावतेस! माझ्या लेकाला असं सांगत जा की.”

“ते वाचतच नाहीत, आई. सरळ चुकायलाच लागतात.”

दोघी खळखळून हसल्या.

चहा संपेपर्यंत नवा अहवाल आला. तापमानाचा तुकडा जिवंतांत परतला होता. आणि सकाळचा तो तुकडा? गेलेली वीज परत आली की तो जागा व्हायचा आणि खोल्या थंड करणारे कॉम्प्रेसर एकदम न लावता एकामागून एक लावायचा. तो काढला असता, तर वीज येताच सगळे एकदम सुरू होऊन फ्यूज उडाला असता आणि सफरचंदांची माती झाली असती. अहवालाच्या शेवटी एजंटने लिहिलं होतं, ‘दोन कॉम्प्रेसरांच्या मध्ये चार मिनिटं थांबतो. चारच का, ते माहीत नाही. लिहिणाऱ्याला विचारावं.’

सासरे दारात येऊन उभे होते.

“बाबा, केवढं नुकसान झालं असतं! सकाळी बोलला का नाहीत?”

ते खुर्ची ओढून बसले. अहवाल वाचून झाल्यावर म्हणाले, “त्याला असं काय सांगितलंस, की हे जमलं?”

तिने वर्णन दाखवलं. तेवढ्या ओळी वाचायला त्यांना फार वेळ लागला. बोट शेवटच्या वाक्यावर येऊन थांबलं.

“मला आठवत नाही गं,” ते म्हणाले. “सकाळीही आठवत नव्हतं. बरेच दिवस झाले, आपलंच लिहिलेलं परक्याचं वाटतं. तू काहीतरी विचारशील, या धास्तीने मी तुझ्या कामाजवळ फिरकत नव्हतो.”

सुनेच्या मनात धरलेला राग कुठल्या कुठे गेला आणि त्याच्या जागी तिला स्वतःचीच लाज वाटली. तिने पडदा त्यांच्याकडे वळवला.

“मग आपण दोघं मिळून वाचू या ना.”

ते वाचू लागले. गेलेली वीज, परत आलेली वीज, कॉम्प्रेसरांची रांग. वाचता वाचता त्यांच्या चेहऱ्यावर हसू पसरलं.

“लिहिणारा हुशार होता हो!”

तेवढ्यात फोन वाजला. सुनेने हात पुढे केला, पण सासऱ्यांनी फोन आधीच उचलला होता.

“हो, मीच बोलतोय. तो तुकडा ठेवायचा. वीज परत आल्यावर लागतो… चार मिनिटं का? ते मला आठवत नाही… नाही हो, चेष्टा नाही. खरंच आठवत नाही. म्हणूनच सांगतो, चारची चारच राहू द्या.”

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला. सासूबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या आणि त्यांच्या शेजारी येऊन बसल्या.