भिंतीवर जाता जाता राहिलेली काठवट

मित्रांनो, मी लिंबाच्या लाकडाची एक जुनी काठवट आहे, भाकरीचं पीठ मळायची. मांजरसुंब्याच्या चौकात मनकर्णाबाईंनी ढाबा टाकला, तेव्हापासून मी त्यांच्या हाताखाली होते. "हिच्यात पीठ कसं मऊसूत व्हतं," असं माझं कौतुक व्हायचं. पुढे स्टीलची परात आली आणि मी मिरच्यांच्या पोत्यामागे गेले. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू!

यंदा त्यांचा मुलगा संजय याने ढाब्याला नवं रूप द्यायचं मनावर घेतलं. बीडहून धनश्री आली. तिचा छोटासा डिझाइन स्टुडिओ आहे. ती हॉटेलांना बोर्ड, मेनूकार्ड करून देते. पण आधी त्या जागेची गोष्ट शोधते. मला पाहून ती हरखलीच. मला भिंतीवर टांगायचं ठरलं. माझ्या तळाला पेन्सिलीची खूण झाली, संजयने ड्रिल आणलं. भोक पडलं की पीठ मळणं कायमचं संपलं!

"शेजारी लिवा, निजामाच्या खानसाम्याची भाकर," संजय म्हणाला.

"खरं काय आहे? काकू, तुम्हीच सांगा ना," धनश्री म्हणाली.

तिने बोलणं टिपायला मोबाइल पुढे धरला, पण मनकर्णाबाईंना कुठून सुरुवात करावी ते कळेना. शेवटी त्यांनी मला पुढ्यात ओढलं, पीठ घेतलं, पाणी घातलं. हात चालू झाले तशा त्या बोलू लागल्या.

"पैलं गिऱ्हाईक आमची जात कळताच ताटावरून उठलं. लई रडले. पर पीठ मळलेलं व्हतं, मंग भाकरी केल्याच. दुसरा एक डायवर आला, पोटभर जेवला."

"माय, हे भिंतीवर लिवलं तर कोण येईल?" संजय कळवळून म्हणाला.

"न्हाई आलं तर न्हाई. खोटं कावून लिवायचं?"

संजयने ड्रिलची वायर उपसली. "लिवा ताई. मायच्या नावासकट. काठवट ऱ्हाऊ द्या तिच्या हाताखालीच." धनश्रीने माझ्यावरची खूण पुसली. भिंतीवर नुसती गोष्ट गेली.

उद्घाटनाला मी चुलीजवळ होते. एक पाहुणा ताटावर बसला, भिंत वाचू लागला आणि ताडकन उठला. संजयचा चेहरा उतरला. मनकर्णाबाईंची बोटं पिठात रुतून राहिली. पाहुणा नळावर गेला, हात धुऊन परत बसला आणि म्हणाला, "वाढा, मावशी."

मित्रांनो, जुन्या वस्तू नुसत्या टांगून ठेवू नका, त्यांना कामाला लावा. आणि त्यांची गोष्ट सांगाल तेव्हा ज्यांच्या हातांनी त्या झिजल्या, त्यांची नावं गाळू नका.