कळकलेला काढा

ओट्यावरचं झाकण घरंगळलं आणि फरशीवर गिरक्या घेत राहिलं. दुपारच्या चिडीचूप घरात तो आवाज संपता संपेना. मी श्वास धरून बसले. आतल्या खोलीत लेकीने नुसती कूस बदलली. म्हणजे अजून अर्धा तास माझा.

झाकण त्या तांब्याच्या पातेल्याचं. काल ते मी प्रयोगशाळेतून उचलून घरी आणलं. का आणलं, ते लिहून काढल्याशिवाय माझा राग उतरायचा नाही.

मी तिथे मदतनीस. काचेच्या बशांत जंतू वाढवायचे, त्यांवर चहाच्या पानांच्या काढ्याचे थेंब टाकायचे आणि थेंबाभोवती किती जंतू मेले ते वहीत लिहायचं. गेल्या वर्षी एका शनिवारी काढा उकळायचं काचेचं भांडं तडकलं. नवं मिळणार सोमवारी. सरांना तर काढा त्याच दिवशी हवा होता. माझ्या पिशवीत हे पातेलं होतं. कल्हईवाल्याकडे नेलेलं, दुकान बंद म्हणून परत आलेलं. आतली कल्हई उडून लाल तांबं उघडं पडलेलं. मी त्यातच काढा उकळला.

काढा काळपट झाला. आईने असल्या पातेल्यात कधी ताक ठेवू दिलं नाही. "कळकेल गं," म्हणायची. काढा कळकला होता, तांबं त्यात उतरलं होतं. फेकायला मोरीपर्यंत गेलेसुद्धा. मग वाटलं, बघू तर खरं. तीन नंबरच्या बशीत आदल्या दिवशीचा, काचेतला काढा. चारमध्ये त्याच पातेल्यात उकळलेलं नुसतं पाणी. पाचमध्ये कळकलेला काढा.

सोमवारी बघते तर तीनमध्ये शर्टाच्या बटणाएवढं स्वच्छ वर्तुळ. चारमध्ये जवळजवळ काहीच नाही. आणि पाचमध्ये कोटाच्या बटणापेक्षाही मोठं! एकट्या चहाला नाही, एकट्या तांब्याला नाही, ते दोघांना मिळून जमलं होतं.

सर आधी कडाडले, "अहो, स्वयंपाकघर आहे का हे?" मग बशी उजेडात धरून त्यांनी वर्तुळावर मोजपट्टी लावली. म्हणाले, "पुन्हा करा."

पुन्हा केलं. तांब्याचा क्षार मोजून मापून घालत वर्षभर केलं. लेकीला ताप असतानासुद्धा केलं.

काल लेख छापून आला. वर सरांचं आणि त्यांच्या दोन विद्यार्थ्यांचं नाव. माझ्या शनिवारबद्दल एकच ओळ, 'हा परिणाम अपघाताने लक्षात आला.'

बाटल्या धुणाऱ्या मावशी म्हणाल्या, "आता पेढे मागू नकोस हो, अपघाताचे पेढे नसतात."

मी तडक सरांच्या खोलीत गेले. "सर, पातेलं वापरलं ही माझी चूक. पण तीन बशा शेजारी मांडल्या, तो अपघात नव्हता."

"अहो, मनाला काय लावून घेता! तुम्ही तर आमच्या घरच्याच."

"घरच्यांची नावं दारावरच्या पाटीवर असतात, सर."

ते हसले. चक्क हसले! "बरं, ते पातेलं मात्र राहू दे इथे. काचेच्या कपाटात ठेवू. पाहुण्यांना गंमत वाटेल."

पातेलं कपाटात, आणि मी मोरीपाशी! वर्षभर सरांच्या टेबलावर पडलेलं ते उचललं, पदराखाली घेतलं आणि चालू लागले. मागून हाका आल्या. वळले नाही.

"आई, काय पडलं?" लेक डोळे चोळत आली आणि माझ्या मांडीत शिरली. केसांना झोपेचा ऊबदार वास. लेख समोर उघडाच होता. तिने फोटोवर बोट ठेवलं. तीन बशा, काठावर शाईने घातलेले आकडे.

"हे तुझं पाच आहे!"

माझ्या पाचाची शेपटी लांब, शेवटी वर वळलेली. ती तस्सं गिरवते, म्हणून शाळेतल्या बाईंनी परवाच तिच्या वहीत फुली मारली होती.

"हो, माझंच."

"बाई म्हणाल्या, असं पाच नसतं. पण पुस्तकात तर छापलंय." ती खूश झाली. मग बोट हळूहळू वर सरकलं, नावांपाशी. नुकतीच वाचायला लागली आहे ती. तिन्ही नावं एकेक अक्षर जुळवून वाचली. पान उलटून मागे पाहिलं. पुन्हा पुढे आली.

"आई, तुझं पाच छापलं, मग तुला का नाही छापलं?"