मुळाशी लागलेला काळा गाळ

त्या काळी कैरोच्या विद्यापीठात काळ्या वर्णाची, दक्षिणेकडच्या नूबियाची मुलगी दिसली, की लोक आधी विचारत, तुझा बाप कुठल्या इमारतीचा दरवान? नबराला ते विचारायचीही गरज नव्हती. तिचे वडील, इद्रीसचाचा, वनस्पतिशास्त्राचे डॉ. शौकत राहत, त्याच इमारतीच्या दारात बसत.

लेखी परीक्षेत नबरा पहिली आली होती. तोंडीतही पहिली आली, की विभागातली साहाय्यकाची जागा तिची.

"ये गं काळे," डॉ. शौकत म्हणाले. "बापाला सांग, लिफ्ट पुन्हा बंद पडलीय. आणि हे ओळख."

कागदावर चिकटवलेला वाळका वेल. खाली डॉक्टरांच्याच अक्षरात चिठ्ठी : रानवाल, वाळवंट, १९५८. गोळा करणारे, डॉ. शौकत.

नबराने भिंग उचललं आणि परत ठेवून दिलं.

"वालच आहे, डॉक्टर. पण रानातला नाही, पेरलेला. वाळवंटातलाही नाही."

"अगं, मी स्वतः गोळा केलाय!"

"मुळाशी काळा गाळ बघा. नदी ओसरली की काठावर उरतो तो. खोड इथं विळ्यानं कापलंय, इथं पुन्हा फुटलंय. आमच्या बल्लाना गावच्या बायका भाजीसाठी पाला असाच कापतात, बोटभर खोड राखून. रानात विळा कोण चालवणार?"

"म्हणजे मी खोटं बोलतोय?"

"छे! ऊन फार असतं तिकडे. तुम्ही सावलीत बसला असाल, कुणीतरी आणून दिलं असेल."

बाहेरगावचे म्हातारे परीक्षक, डॉ. लबीब, खोकल्याआड हसले. भिंग लावून त्यांनी मूळ पाहिलं, खोडावरचा छेद पाहिला.

"मुलीचं बरोबर आहे, शौकत. तू तिथं गेला तरी होतास का रे?"

"दरवानाच्या खोलीत हे शिकवतात वाटतं," डॉ. शौकत पुटपुटले.

"खोलीत नाही, शेतात," नबरा म्हणाली. "ते आता धरणाच्या पाण्याखाली आहे."

जागा तिला मिळाली. इद्रीसचाचांनी इमारतीच्या दारात सरबत वाटलं. डॉ. शौकतांपुढे पेला धरून म्हणाले, "लिफ्ट चालू झालीय, डॉक्टर. पण सरबत इथंच, माझ्याजवळ उभं राहून प्यायचं."

ते प्यायले.

कामाच्या पहिल्याच दिवशी नबराने चिठ्ठी नवी लिहिली. गोळा करणारे, डॉ. शौकत, हे तसंच ठेवलं. त्याच्या वर लिहिलं : पेरणाऱ्या, बल्लाना गावच्या बायका.