दोनशे सहा हाडं आणि एक चेकिच

मी चेकिच बोलतोय. अक्रोडाच्या लाकडाची मूठ आणि खाली गोलात ठोकलेले खिळे, एवढंच माझं रूप. नान तंदूरला लावण्याआधी मला त्याच्या मध्यावर ठोकतात, म्हणजे तो भाग फुगत नाही. मर्गिलान शहरातल्या एका सुताराने मला घडवलं आणि होसियत नानवालीने बाजारातून उचललं. पुढे तिच्या सुनेच्या, बार्नोच्या हातात मी आलो.

बार्नोला परिचारिका व्हायचं होतं. हाडांच्या तोंडी परीक्षेत ती दोनदा नापास झालेली, आणि तिसरी संधी शेवटची. बिचारीने काय काय केलं! मोठ्याने वाचलं, वहीत दहा दहा वेळा लिहिलं. वाचता वाचता झोप यायची आणि लिहिलेलं सकाळी गायब व्हायचं.

"पुस्तक उशाला घेऊन झोपतेस," होसियत टोमणा मारायची. "हाडं काय स्वप्नात येऊन नाव सांगणार? आज शंभर नान आहेत, चल!"

एके दिवशी बार्नो भडकली. समोर कणकेचा गोळा होता आणि हातात मी. "क्लॅव्हिकुला!" ठक्. "स्कॅपुला!" ठक्. शंभर नान झाले तेव्हा शंभर नावं तोंडपाठ! मीच चाट पडलो. तिचं डोकं हात चालू असतानाच चालतं, हे इतकी वर्षं कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं.

मग तीन महिने हेच. लांबलचक नावाला ती चार-पाचदा ठोकायची.

"आज नान विकताय की चाळणी?" गिऱ्हाईक विचारायचं.

"मेटाकार्पस आहे ते," बार्नो म्हणायची. "गरम आहे तोवर खा."

परीक्षेच्या सकाळी ती दारातच अडून उभी राहिली. होसियतने मला तिच्या बाहीत कोंबलं. "घेऊन जा याला. तुझी अक्कल याच्यातच आहे."

परीक्षकांनी मला लगेच पकडलं. खिळ्यांमध्ये बारीक अक्षरात काही लिहिलंय का, ते चष्मा लावून बघू लागले आणि बोट टोचून घेतलं.

"हे काय आहे, मुली?"

"नानचा ठसा, साहेब. ठोकल्याशिवाय मला आठवत नाही."

"ठोक मग," ते बोट चोखत म्हणाले.

ती कवटीपासून सुरू झाली. पाऊल येईस्तोवर साहेब टेबल वाचवायला उठले होते. "पास! पास! बस कर!"

तेव्हापासून मी दवाखान्यात, तिच्या पांढऱ्या कोटाच्या खिशात राहतो. घरी होसियतने दुसरा चेकिच घेतला. सून दवाखान्यात जायला लागल्यापासून शंभर नान ती एकटीच लावते.

गेल्या महिन्यात ती पाय घसरून पडली. बार्नो तिचा पाय चाचपत डॉक्टरांना सांगत होती, "पॅटेला ठीक, टिबिया ठीक..."

"फिबुला राहिलं," होसियत म्हणाली.

बार्नोचा हात थांबला. "आई, तुम्हाला कसं ठाऊक?"

"तीन महिने कानाशी बोंबलत होतीस. सगळी येतात मला." मग तिने मान वळवली. "शाळेत मला ढ म्हणून घरी बसवलं होतं. अक्षरं डोक्यात शिरायचीच नाहीत. कुणी वाचून दाखवलं असतं तर..."

बार्नोला रडू आवरेना. मला डोळे नाहीत म्हणून बरं.

बाबांनो, घरातल्या कुणाला ढ म्हणण्याआधी एवढं आठवा. निघतो आता. संध्याकाळ झाली की बार्नो सासूला पुढचं पुस्तक वाचून दाखवते. होसियत डोळे मिटून ऐकते, आणि मध्ये कुणी बोललं तर त्याला ठोकायला मला मागून घेते.