शनिवारचे खेकडे

बाबांचं कपाट रिकामं करायला ती संशोधन केंद्रात आली, तेव्हा नव्या संशोधक बाई बाबांचीच वही उघडून बसल्या होत्या. बावीस वर्षं बाबांनी खाडीतली कालवं उघडून आत कोण कोण राहतं ते टिपलं होतं. शिंपल्याला भोकं पाडणारे किडे, आणि कालवाच्या तोंडचा घास पळवणारा वाटाण्याएवढा खेकडा.

"ताई, राग मानू नका," बाई म्हणाल्या. "तुमचे बाबा शनिवारी अंगचोरपणा करायचे का? सहा वर्षं दर शनिवारी खेकडे निम्मेच. कारण कळलं नाही तर अख्खी वही बाद करावी लागेल."

कारण तिच्या जिभेवरच होतं. शनिवारी तिची अर्धी शाळा. दुपारी ती याच स्टुलावर पाय हलवत बसायची. बाबा सुरीचं टोक शिंपल्याच्या सांध्यात घालून मनगट वळवत. आत खेकडा दिसला की म्हणत, "हे बघ, घरजावई! भाडं नाही, काम नाही, वर आयतं जेवण."

नियम एकच होता: मोजला, की स्पिरिटच्या बाटलीत.

"बाबा, हा नका ना मोजू."

"अगं, साहेब मला बाटलीत घालतील."

"कोण सांगणार आहे त्यांना?"

बाबा दाराकडे बघत आणि पेन खाली ठेवत. मग दोघं धक्क्यावर जाऊन ओंजळीतला खेकडा पाण्यात सोडत. "जा, दुसरं सासर बघ," बाबा त्याला बजावत.

"अंगचोर नव्हते ते," ती म्हणाली. "मी रडायचे." आणि तिनं सगळं सांगितलं.

बाईंनी समासात काहीतरी लिहिलं. "मग त्या सहा वर्षांचे शनिवार तेवढे वगळू. वही राहील." वही मिटून त्या म्हणाल्या, "पण ताई, तो खेकडा फार मऊ असतो. शिंपल्याबाहेर..."

"जगत नाही. पुढे पुस्तकात वाचलं मी."

"तुमच्या बाबांना तर ठाऊकच असणार."

"होतं."

म्हणूनच खेकडा पाण्यात पडला रे पडला की बाबा तिला पाठकुळी घेऊन झपझप परत फिरायचे. ती मान वळवून मागे बघू लागली की म्हणायचे, "आता काय बघतेस? पोचलासुद्धा असेल तो."