उघडी शिवण

कपाचा कान टेबलावर वेगळा पडला होता. चहा अजून गरम होता.

डॉक्टरांच्या हनुवटीवरून रक्ताचा बारीक ओघळ उतरला. जवळपास वस्तरा नव्हता, आरसाही नव्हता.

कॅप्टनच्या डाव्या बुटानं चालता चालता आ वासला.

बहीण भावाला म्हणाली होती, झालं गेलं विसरू या, बस जेवायला.

खिडकीत एका जागी तारे नव्हते.

*

या गोष्टींचं एकमेकींशी काही नातं असेल, असं जहाजावरच्या कुणाच्या डोक्यात आलं नाही, आणि त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. कपाचा कान पूर्वी कधीतरी चिकटवलेला होता. डॉक्टर लहानपणी शाळेच्या पायरीवर आपटले होते, हनुवटीला टाके पडले होते. बुटाला नवा तळ शिवून घेतलेला होता. बहीणभावाचं काय होतं ते पुढे येईलच.

जहाज दुरुस्तीचं होतं. ताऱ्यांच्या वाटेवर कुणाचं जहाज मोडलं की हे तिथे जायचं, पत्रे सांधायचं, नळ्या जोडायचं आणि मोडकं जहाज ओढत घरी आणायचं. कॅप्टन स्वतःला आभाळातला पंक्चरवाला म्हणवून घेत. माणसं चारच. कॅप्टन, डॉक्टर, वेल्डिंग करणारी ताई आणि जहाज हाकणारा तिचा धाकटा भाऊ. ताईला ताई म्हणायचा हक्क खरा त्या एकट्याचा. पण तो दिवसभर इतक्या हाका मारी, की वडिलांच्या वयाचे कॅप्टनही तिला ताईच म्हणू लागले. आणि भावाचे केस पिकायला लागले तरी सगळ्यांच्या तोंडी तो धाकटाच राहिला.

या वेळी त्यांना सापडलेलं जहाज मोडलेलं नव्हतं. ते उसवलेलं होतं. संत्रं सोलून फोडी मांडून ठेवाव्यात तसे त्याचे पत्रे पोकळीत तरंगत होते. एकही वाकलेला नाही, एकालाही चीर नाही, प्रत्येक जण जोडावर सुटलेला. माणूस एकही मिळाला नाही. एक कोट मिळाला. त्याच्या बाह्या वेगळ्या होत्या, कॉलर वेगळी, खिसे वेगळे.

धाकटा म्हणाला, इथून निघू या.

ताई म्हणाली, उघडी शिवण सोडून जायचं नसतं. हा त्यांच्या धंद्याचा नियमच होता, प्रत्येक कारागिराला पहिल्या दिवशी शिकवलेला. तिनं मुखवटा चढवला, दोन पत्रे शेजारी आणले आणि पहिला जोड मारला. जोड सुरेख उतरला. तपासणीच्या यंत्रानं हिरवा दिवा दाखवला.

त्या रात्रभर झोपेत सगळ्यांना कुणीतरी शांतपणे कापड टरकावत असल्यासारखा आवाज येत राहिला. सकाळी कपाचा कान टेबलावर होता.

*

जहाजाला बोलणारा एक मेंदू होता. तो अत्यंत सभ्य होता. मागच्या कोठाराची भिंत वरपासून खालपर्यंत फाकली, हवा शीळ घालत बाहेर जाऊ लागली, तेव्हाही तो म्हणाला, "सर्व जोड सुस्थितीत आहेत."

"याच्या तोंडाला कुणीतरी टाका घाला रे," कॅप्टन म्हणाले.

कोठाराचं दार लावून घेतलं. ताईनं बाजूची भिंत सांधली. यंत्रानं हिरवा दिवा दाखवला. जोड निवायच्या आत उघडला, आणि त्याच्यासोबत आणखी दोन उघडले. खिडकीतली ती ताऱ्यांवाचूनची जागा थोडी मोठी झाली. दुर्बिणीला तिथे काही दिसत नव्हतं, रडारला काही लागत नव्हतं, मेंदू म्हणत होता की तिथे काहीच नाही. पण डोळ्यांना दिसत होतं. अंधारात कुणी बसलेलं असावं आणि त्यानं आपल्याकडे तोंड फिरवलेलं असावं, तसं. कॅप्टन त्याला 'म्हातारं' म्हणू लागले. त्यांनी किरणांची तोफ रोखली. तोफेची नळी बैठकीपासून सुटून हळूच जमिनीवर आली, एखाद्यानं अलगद काढून ठेवावी तशी.

डॉक्टरांनी हनुवटीला रुमाल धरून आपला अंदाज सांगितला. जगात कशालाच काही जोडलेलं नव्हतं, तारेही बांधले गेले नव्हते, तेव्हापासूनचं हे असावं. त्याला जोड सोसत नाही. रागावून नव्हे, आपल्याला डोळ्यात गेलेला कण सोसत नाही तसा.

आणि आपण नेमके त्याच्या डोळ्यात वेल्डिंग करायला गेलो, असं धाकटा म्हणाला. ताईनं मान वर केली नाही.

*

त्या दिवशी जेवताना बहीणभावांचं भांडण झालं.

काही वर्षांपूर्वी त्यांचे वडील गेले तेव्हा धाकटा दूरच्या सफरीवर होता आणि परतला नव्हता. ताईनं त्याला निरोप पाठवला होता, एकाच वाक्याचा: तुझ्या त्या भोकापायी आईबाबांचा जन्म गेला, आणि तुला खांदा द्यायला येता आलं नाही. धाकट्याच्या काळजाला जन्मतः भोक होतं. चार वर्षांचा असताना ऑपरेशन करून ते ठिगळ लावून बुजवलं होतं, आणि पुढची कित्येक वर्षं घर त्याच्या श्वासाकडे कान लावून जगलं होतं. त्या निरोपानंतर दोघं बोलले नाहीत. मग या जहाजावर वेल्डरची जागा निघाली आणि धाकट्यानं तिचं नाव सुचवलं. ती आली, पहिल्या दिवशी तिनं ताट वाढलं आणि झालं गेलं विसरू या म्हणाली. तेवढ्यावर मिटलं होतं.

आता ते आपोआप उघडलं. धाकट्यानं मीठ मागितलं आणि ताईच्या तोंडून तेच जुनं वाक्य निघालं, शब्दही न बदलता. धाकट्याचा चेहरा उतरला. तोही बोलला.

घरात मी एकटाच आजारी नव्हतो.

तुला कुणी विचारलं तरी का, ताई म्हणाली.

तू मला मोजत होतीस, ताई. माझा प्रत्येक श्वास तुझ्या वाटणीतून वजा करत होतीस.

दोघांनाही थांबायचं होतं. थांबता येत नव्हतं.

*

उपाय कॅप्टनच्या ध्यानात आला, तोही दमल्यामुळे. मागच्या कोठाराकडे पाहायला कुणाला वेळ झाला नव्हता, आणि एवढ्या अवधीत तिथली फट बोटभरही वाढली नव्हती. जिथे आपण हात लावत नाही तिथे म्हातारंही लावत नाही. त्यांनी हुकूम दिला: कुणीही काहीही जोडायचं नाही. बटण तुटलं तर तुटू दे. फुटक्या खोल्या बंद करून, उरलेल्या दोन खोल्यांत बसून इथून बाहेर पडायचं. इंजिन एकसंध ओतीव होतं, ते चालत होतं. नकाशे मात्र कोरे झाले होते, त्यांच्या तारांचे टाके सुटल्यानं. वाट एकट्या धाकट्याच्या डोक्यात होती.

ताईनं वेल्डिंगचं सामान पेटीत घातलं आणि पेटीवर बसून राहिली. समोरच्या भिंतीला केसाएवढी चीर होती. तिचे हात सारखे तिकडे जात होते. तिनं ते मांड्यांखाली दाबून धरले.

जहाज हलू लागलं. काळा डाग मागे सरकला, अगदी थोडा. आणि धाकटा सुकाणूवर पालथा पडला. ओठ निळे झाले होते.

डॉक्टरांच्या यंत्राला आठ हात होते. त्या हातांनी ठिगळ पुन्हा जागेवर बसवलं, असं नाजूक काम माणसाला जमणार नाही. हिरवा दिवा लागला. धाकट्याच्या ओठांना रंग आला, त्यानं पाणी मागितलं. पाणी आणेपर्यंत आतला टाका उसवला होता. डॉक्टरांनी परत यंत्र लावलं. बाहेर कुठेतरी एक पत्रा सुटल्याचा आवाज आला. खिडकीतला डाग होता त्याहून जवळ आला.

कॅप्टन दारात उभे होते. हुकूम त्यांचाच होता, पण त्यांनी डॉक्टरांना अडवलं नाही.

डॉक्टर ताईकडे वळले. "मी हजार वेळा शिवीन," ते म्हणाले. "तू सांगशील तोवर शिवीन. तू बहीण आहेस."

ताईनं टेबलावर निजवलेल्या धाकट्याकडे बघितलं. आयुष्यात तिनं एकही शिवण उघडी सोडली नव्हती.

"राहू द्या, डॉक्टर," ती म्हणाली. "नका शिवू."

*

धाकट्यानं पलंगावर पडून राहायला नकार दिला. त्या भोकासकट चार वर्षं जगून दाखवलंय, म्हणाला, एवढी वाट सहज काढीन. डॉक्टर म्हणाले, तेव्हा तू मांजराएवढा होतास. छातीवर नुसता पट्टा बांधून कॅप्टननी त्याला उचलून त्याच्या खुर्चीत बसवलं. ताई शेजारी जमिनीवर बसली.

तो दिशा सांगे, कॅप्टन सुकाणू धरत. दोन वाक्यांच्या मध्ये तो बराच वेळ नुसता श्वास घेई. मधल्या वेळात तो ताईला चिडवत होता. तिच्या घोरण्यानं मागचं कोठार फाटलं असणार. ताई म्हणाली, तुझ्या बडबडीनं. असं बरंच चाललं. भांडण दोघांच्या मध्ये तसंच होतं, उघडं, आणि ते त्याला वळसा घालून बोलत होते.

एकदा ती म्हणाली, "धाकट्या, माझं..."

"माफी नको मागूस," तो म्हणाला. "उसवेल. आणखी फाटेल ते."

"मग काय करू?"

"बसून राहा नुसती."

ती बसून राहिली. त्याचा हात खुर्चीवरून खाली लोंबत होता, तिच्या खांद्याला मधूनमधून लागत होता. तिनं तो धरला नाही. काय चालतं आणि काय नाही, हे कुणालाच नीट माहीत नव्हतं.

काही वेळानं तो म्हणाला, आता सरळ, आता काही करू नका, सरळच जा. कॅप्टन सरळ गेले. मग खिडकीत सगळीकडे तारे दिसू लागले, एकही जागा मोकळी नाही असे. कॅप्टननी वळून धाकट्याला ते सांगितलं. त्यानं ऐकलं की नाही, कळायला मार्ग नव्हता.

ताईनं त्याचे डोळे मिटले. ते मिटलेले राहिले.

*

नंतर डॉक्टरांनी छाती शिवली. टाके घट्ट बसले. ताईनं मुखवटा चढवला आणि जहाजाच्या एकेक शिवणीवरून हात फिरवत सगळे जोड पुन्हा मारले. तेही धरले. मेंदूला त्याच्या सुटलेल्या तारा जोडून दिल्यावर तो म्हणाला, "सर्व जोड सुस्थितीत आहेत," आणि या वेळी ते खरं होतं. कॅप्टननी त्याला गप्प बसायला सांगितलं.

काम संपल्यावर ती सुकाणूच्या खोलीत गेली, रिकाम्या खुर्चीशी जमिनीवर बसली आणि ते अर्धं राहिलेलं वाक्य तिनं पुरं केलं. ते कुठेही फाटलं नाही.

धाकटा जन्मला तेव्हा ताई शेजाऱ्यांकडे झोपली होती. तिला सकाळी उठवून सांगितलं, तू ताई झालीस. तो जोड कुणी मारलेला नव्हता.