वर्दी

खेमराजचे पाय त्या दिवशी जमिनीवर नव्हते. उकव्याच्या मँगनीज खाणीत ट्रॉल्या ढकलणारा हा गडी लग्नसराईत बालाघाटच्या मोतीलाल मास्तरांच्या बँडमध्ये ढोल वाजवायचा. वाजवायचा म्हणजे काय, कोणी आजारी पडला, कोणाची सासू वारली, की याला निरोप. असा तो बदलीचा माणूस. पण मनातल्या मनात मांडे खायला कोण अडवतो? आधी बँडचा पक्का ढोलवाला व्हायचं, मग खाण सोडायची आणि पुढंमागं ढोलाच्या चामड्यावर गोल अक्षरांत स्वतःचं नाव रंगवून घ्यायचं. खाणीतले सोबती हसायचे. हसोत बापडे.

आज मास्तरांनी त्याला दुकानात बोलावून लाल कोट हातात ठेवला होता. पितळी बटणांचा, खांद्यावर सोनेरी झालर. बदलीच्या माणसाला मास्तर कोट देत नसत. तो आपल्या सदऱ्यावर मागच्या रांगेत वाजवायचा. कोट मिळाला म्हणजे माणूस पक्का, फक्त एक रीत राहायची.

"रविवारी तुह्या घरी येतो," मास्तर म्हणाले, "तुह्या बाच्या हातात सुपारी देतो. बापानं हौ म्हनल्याबिगर मी कोनाले पक्का नाही करत."

कोट कागदात गुंडाळून खेमराजनं उकव्याची बस गाठली आणि उतरताच घरी पळत सुटला. त्याचा बाप महागू गवंडीकामावरून नुकताच परतला होता आणि अंगणात घमेलं धूत बसला होता. आता खेमराजची शाळा हिंदी, खाण हिंदी, बँडमधले सोबतीही हिंदी. मराठी त्याची घरापुरती आणि मास्तरांपुरती, आणि तीही अर्धीकच्ची. आनंदाच्या भरात जो शब्द तोंडात आला तो त्यानं फाटकातूनच ओरडून सांगितला.

"बा! मले वर्दी भेटली! मोतीलाल मास्तरची वर्दी!"

त्याला म्हणायचं होतं, गणवेश. हिंदीत वर्दी म्हणजे गणवेशच की. पण महागूच्या हातातलं घमेलं दाणकन खाली पडलं.

"ह्या घरात वर्दी येऊन राह्यली? आन तू हासत सांगून राह्यला?"

"काहून, बा? चांगली गोस्ट हाय न—"

"निघ. माह्या डोयापुढून निघ आधी."

खेमराज स्वयंपाकघरात जाऊन उभा राहिला. आपण काय पाप केलं हे त्याला कळेना. शेवटी मायनं, शांताबाईनं, चुलीवरची भाकर उलटवत सांगितलं.

"तुले वर्दी ठाऊक नाही, बाबू. कटंगीकडच्या आपल्या गावात पाटलाघरून वर्दी ये. दुरूनच हाका मारत, महागू, वर्दी हाय! लगन असो का मयत, डफडं घेऊन धावा लागे. घरी पोरगं तापानं फनफनत असो, तरी जा लागे. दिवसभर वाजवा, आन साऱ्याइच्या पंगती उठल्या का गोठ्यामांगं बसून उरलंसुरलं खा. तुहे बा नागपूरले दीक्षा घेऊन आले न, तवा त्याइनं डफडं वैनगंगेत सोडलं. मंग गावई सोडलं."

बापाला वाजवण्याचा राग आहे एवढं खेमराजला ठाऊक होतं, पण लाल कोट पाहून तो निवळेल असं त्याला वाटलं होतं. त्या रागामागं एक शब्द आहे हे ठाऊक नव्हतं, आणि नेमका तोच आपण फाटकातून ओरडलो! त्यानं मुकाट्यानं कोट नेऊन बापापुढं ठेवला.

"बा, मी याले वर्दी म्हनलो. ह्या कोटाले."

महागूनं कोट पाहिला. एका बटणावरून अंगठा फिरवला. घोळ त्याच्या ध्यानात आला, पण चेहरा काही सैल झाला नाही.

"कोट चांगला हाय. पन कोट घातल्यानं काम बदलते काय? लोकाच्या दारात वाजवनंच न?"

हा प्रश्न खेमराजला कधी पडलाच नव्हता, आणि त्याची त्याला मनापासून लाज वाटली.

रविवारी मास्तर आले. अंगणातल्या खाटेवर बसले, चहा घेतला, पिशवीतून नारळ आणि सुपारी काढून पुढं केली. महागूनं हात पुढं केला नाही.

"मास्तर, एक विचारतो. वाजवनं झाल्यावर माहा पोरगा जेवते कोठी?"

"कोठी म्हंजे? पंगतीत. साऱ्याइसंग."

"आन नाही बसवलं तं?"

मास्तरांच्या आधी खेमराजच बोलून गेला.

"तं मी वाजवनार नाही, बा." पक्की जागा हातची जाताना त्याला दिसत होती, तरी तो थांबला नाही. "मास्तर, जेथी पंगतीत जागा नाही, तेथी मी येनार नाही. मंग पक्का करा का नका करू."

मास्तरांनी कप खाली ठेवला. "तू एकटाच काहून? ढोलाबिगर माहा बँड चालते काय? लगनवाल्याची सुपारी परत करीन. मांगं परसवाड्याले केली हाय न एक डाव. नवरदेव बिनबाजाचा गेला, तोंड फुगवून!" आणि ते स्वतःच खो-खो हसले.

महागू हसला नाही. "परत करता येते?"

"येते न, भाऊ. सुपारीच हाय ते."

महागूनं त्यांच्या हातातली सुपारी उचलली आणि तळहातावर फिरवून फिरवून पाहिली.

"वर्दी परत नव्हती करता येत," तो म्हणाला. शांताबाईनं डोळ्याला पदर लावला. महागूनं सुपारी मुठीत घट्ट धरली, आणि परत दिली नाही. मास्तरांना काय ते कळलं. त्यांनी नारळ शांताबाईच्या हाती दिला.

"वाजवून दाखव," महागू पोराला म्हणाला.

"ढोल दुकानात हाय, बा."

महागूनं हनुवटीनं घमेल्याकडं दाखवलं. खेमराजनं ते पालथं घातलं, खिशातल्या ढोलाच्या काड्या काढल्या आणि वरातीचा ठेका धरला. शेजारपाजारची माणसं फाटकाशी जमली. मास्तर मान डोलवत होते. महागू डोळे मिटून ऐकत होता, एकदम डोळे उघडून म्हणाला,

"डावा हात ढिला हाय तुहा."

मग सुपारी सदऱ्याच्या खिशात टाकून तो पोराशेजारी मांडी घालून बसला.

"सरक जरासा," म्हणाला, आणि दोन्ही तळवे घमेल्यावर ठेवले.